दोनशे चौदाव्या घरातला ठोका

हे कुणालाही खरं वाटणार नाही. ज्याला वाटेल त्याने एकदा डॉक्टरला प्रकृती दाखवून घ्यावी, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण घडलं ते घडलं, आणि मी स्वतः तिथे होतो. म्हणजे पडद्यामागे होतो, पण होतो.

संगीतात सर्वांत अवघड काम कोणतं, असं विचारलं तर अडाणी माणूस म्हणेल, वाजवणं. जाणत्याला ठाऊक असतं की खरं अवघड काम म्हणजे न वाजवणं. वाजवायला काय, कुणीही वाजवतो. (आमच्या वाद्यवृंदात बासष्ट जण वाजवत.) पण वाद्य हातात धरून, चेहरा पडू न देता, जांभई गिळून, नेमका हवा तितका वेळ गप्प बसायचं, याला तपश्चर्या लागते. ती मी एकतीस वर्षं केली. मी झांजवाला. जेवणाच्या ताटापेक्षा मोठ्या दोन पितळी झांजा, एक डाव्या हातात, एक उजव्या.

आमच्या कागदावर उभ्या रेघा मारून घरं पाडलेली असतात. एका घरात चार मात्रा. वार्षिक जलशात जी मुख्य रचना आम्ही वाजवत आलो, तिची घरं दोनशे चौदा. त्यांपैकी दोनशे तेरा घरांत माझ्या नावावर काडीचंही काम नाही. दोनशे चौदाव्या घराच्या पहिल्या मात्रेला एक ठोका. घण्ण! रचना संपली, टाळ्या, घरी.

तुम्हाला वाटेल, मजा आहे. मजा नाही. ती दोनशे तेरा घरं मोजावी लागतात, आणि मोजताना चूक झाली तर ठोका भलत्याच घरात पडतो. (असं एकदा झालं होतं. त्या रचनेत ती जागा बाळाला झोपवण्याची होती.) म्हणून आम्ही पहिल्या मात्रेच्या जागी घराचा आकडा म्हणतो. एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं करत करत एकशे सत्त्याण्णव-दोन-तीन-चार. ही सवय मग सुटत नाही. लग्नाआधी सासऱ्यांनी वय विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, "अठ्ठावीस-दोन-तीन-चार." सासरे सासूबाईंना म्हणाले, मुलगा काटेकोर दिसतो. त्या गैरसमजावर आमचा संसार उभा आहे.

तर अशा सुरळीत चाललेल्या संस्थेत एके दिवशी परिपत्रक आलं. परिपत्रक अतिशय उत्तम होतं. संगीत लिहिण्याची, जपण्याची आणि वाचण्याची नवी संगणक प्रणाली अमलात येत असून सर्व कागद कपाटात जातील, कपाट गोदामात जाईल आणि गोदामाची किल्ली योग्य त्या अधिकाऱ्याकडे हरवण्यासाठी सुपूर्द केली जाईल, असा त्याचा आशय होता. जुन्या पद्धतीचे दोषही दिले होते, ते असे:

(१) कागद पंख्याच्या वाऱ्याने उडतो.
(२) कागद उडाला की वादक थांबतो.
(३) वादक थांबला की श्रोत्यांना बरं वाटतं. ही बाब संस्थेच्या प्रतिष्ठेस बाधक आहे.
(४) कागदावर पेन्सिलीने अनधिकृत मजकूर लिहिला जातो.

चौथा आरोप शंभर टक्के खरा होता. आमच्या कागदांवर तीन पिढ्यांच्या वादकांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलं होतं. 'इथे वर बघ.' त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'बघू नकोस, साहेब चिडलेले असतात.' 'श्वास.' 'मोठा श्वास.' 'देवा!' जिथे हमखास चुकतं तिथे चष्म्याचं चित्र काढायची आमच्यात रीत आहे; व्हायोलिनच्या एका पानावर इतके चष्मे होते की ते पान लांबून चष्म्याच्या दुकानाची जाहिरात वाटे. माझ्या कागदावर, एकशे साठाव्या घराशी, माझ्या आधीच्या झांजवाल्याने लिहिलं होतं, 'जागा आहेस ना?' परिपत्रक काढणाऱ्या समितीने या सगळ्याची मोजदाद केली. एकूण नोंदी नऊ हजार चारशे बारा. पैकी संगीताशी संबंधित सदतीस.

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. प्रत्येकाच्या पुढ्यात कागदाऐवजी एक स्क्रीन आली आणि पान उलटण्यासाठी पायाखाली एक खटका. पाय दाबला की पुढचं पान. शिवाय शेवटचं पान संपलं की आपोआप पहिलं पान येई, म्हणजे तालमीला पुन्हा सुरुवात करायला सोपं. इतकी सोय, की मला गहिवरून आलं.

पण ही प्रणाली ज्यांनी केली त्यांनी वादक पाहिले असतील, त्यांचे पाय पाहिले नसावेत. वाजवणाऱ्याचा पाय ताल धरतो. तो त्याला विचारून धरत नाही. साहेबांनी छडी उचलली (आमचे संचालक. त्यांना तोंडावर साहेब आणि पाठीमागे छडी म्हणत), पहिली मात्रा पडली, आणि बासष्ट पाय खटक्यावर आपटू लागले. तिसऱ्या घराला डबल बासवाले दादा शेवटच्या पानावर पोचले. आयुष्यात पहिल्यांदाच ते इतरांच्या आधी पोचले होते. त्यांनी वाद्य आडवं ठेवलं आणि चहाला गेले.

"पाय हलवू नका," प्रशिक्षण देणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मग ताल कशानं धरू?" ट्रम्पेटवाला म्हणाला.

"मनातल्या मनात धरा."

"बाई, मनाचा आणि माझा फारसा संबंध येत नाही. मी ट्रम्पेट वाजवतो."

दुसऱ्या दिवशी तो पाय खुर्चीला बांधून आला. बाईंना वंदन करायला उठला तो खुर्चीसकट उठला. त्याचा फोटो संस्थेच्या वार्तापत्रात आला; खाली ओळ होती, 'नव्या प्रणालीशी घट्ट बांधिलकी'.

हे सर्व मी आनंदाने पाहत होतो, कारण माझं एकच पान होतं. पण आनंदाला नजर लागते म्हणतात. या प्रणालीत एक खास सोय होती: 'रिकाम्या ओळी लपवा'. संचालकांच्या स्क्रीनवर प्रत्येक वाद्याची एक ओळ असते. ज्याला त्या पानावर काम नाही त्याची ओळ लपली की पान सुटसुटीत दिसतं. व्यवस्थापकांनी तो खटका दाबला. पान खरोखर सुटसुटीत झालं. माझी ओळ पहिल्या पानावरून गेली, दुसऱ्यावरून गेली, तिसऱ्यावरून गेली. उरली फक्त शेवटच्या पानावर. पण त्या एका ओळीपायी पान लांबत होतं, म्हणून त्यांनी 'पानात बसवा' हाही खटका दाबला. ओळ इतकी बारीक झाली की त्यांनी ती डाग समजून रुमालाने पुसली. ती पुसली गेली नाही, ही तिची चिकाटी. पण दिसेनाशी झाली ती झालीच.

आता बसण्याची व्यवस्थाही त्याच प्रणालीतून निघत असे. ज्याची ओळ त्याची खुर्ची. सोमवारी मी तालमीला गेलो, तर माझ्या खुर्चीच्या जागी एक कुंडी.

मी व्यवस्थापकांच्या खोलीत गेलो. गृहस्थ फार सज्जन. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण थकलेले माझ्याहून जास्त.

"साहेब, माझी खुर्ची?"

"काका, गैरसमज नको. तुम्हाला काढलेलं नाही."

"मग?"

"लपवलेलं आहे. दोन्हींत फार फरक आहे. काढलेला माणूस जातो. लपवलेला इथेच असतो, फक्त दिसत नाही."

"बरं झालं सांगितलंत. मग मी बसू कुठे?"

त्यांनी माहितीपुस्तिका चाळली. पुस्तिकेत लपवलेल्या माणसाने कुठे बसावं हे दिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या अधिकारात निर्णय घेतला. "मागच्या पडद्यामागे बसा. स्टूल मिळेल."

"आणि माझा ठोका?"

"तो तुम्हाला कुठे दिसतोय का?"

"नाही."

"मग आग्रह बरा दिसत नाही, काका." मग जरा वरमून म्हणाले, "असं करू. जलशाच्या दिवशी बघू. तुमच्या ठोक्यावाचून काही अडलं, तर ओळ परत आणू. नाही अडलं, तर कायमची काढून टाकू. एकतीस वर्षं फार झाली. झांजाही शाळेला देता येतील."

यापेक्षा न्याय्य तोडगा मला तरी सुचला नसता. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणजे आमची मंडळी. स्पष्ट बोलण्यात हिचा हात धरणारा अजून जन्माला यायचा आहे.

"वर्षातून एक ठोका मारायचात," ही म्हणाली, "तोही गेला? मग आता तुम्ही तिथे जाऊन करणार काय?"

"मोजणार."

"मोजायचंच आहे तर बाजारात जाताना मोजत जा. परवा सहा लिंबं सांगितली, पाच आणलीत."

इकडे वाद्यवृंदात कुंडीची बातमी पसरली आणि एकेक जण आपापली रिकामी घरं मोजू लागला. कारण सरळ आहे. गप्प बसण्याच्या जागा प्रत्येकालाच असतात. व्यवस्थापकांचा तक्ताच लागला होता: सगळ्यांची मिळून एक्केचाळीस टक्के घरं रिकामी; डबल बास अठ्ठावीस टक्के मौन; ट्रम्पेट बावन्न टक्के मौन ('सुधारणेस वाव'). आज झांज लपली, उद्या आपण लपू.

सुरुवात बासरीताईंनी केली. बाई देवभोळ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नव्या प्रणालीत प्रत्येकाला घरबसल्या आपली ओळ दुरुस्त करता येई. ताईंनी घरी बसून आपल्या अठरा रिकाम्या घरांत एकेक लहानसा सूर ठेवला. वर सूचना लिहिली, 'अतिशय हळू, ऐकू येणार नाही असा.' कुणाला त्रास नको, फक्त घर रिकामं दिसायला नको. ट्रम्पेटवाल्याने ते पाहिलं आणि आपल्या घरांत दोन-दोन सूर ठेवले. व्हायोलिनवाल्या अठरा जणांनी चार-चार. डबल बासवाले दादा आळशी. त्यांनी एकच सूर ठेवला, पण तो एकोणसाठ घरं लांब. ढोलवाल्याला सूर ठेवता येत नाही, म्हणून त्याने खोकला ठेवला. ('ताल धरून, दुसऱ्या मात्रेला.')

पंधरा दिवसांत संपूर्ण रचनेत श्वासभर शांतता उरली नाही. व्यवस्थापकांनी अहवाल पाठवला: रिकाम्या घरांचं प्रमाण शून्य टक्के; इतिहासात प्रथमच सर्व वादक पूर्ण वेळ कामात. अहवालाचं वरून कौतुक झालं. ते योग्यच होतं. आमच्यात एवढी शिस्त कधीच नव्हती.

अडचण एकच, ती म्हणजे फुंकून वाजवणाऱ्यांना अधूनमधून श्वास घ्यावा लागतो. तालमीत ट्रम्पेटवाला आधी लाल झाला, मग जांभळा, आणि शेवटी हुबेहूब आमच्या गणवेशाच्या निळ्या रंगाचा. ताईंना भोवळ आली. पडता पडताही त्यांनी सूर सोडला नाही, खाली गेल्या तशी बासरीही वरून खाली उतरत गेली, आणि साहेब म्हणाले, "सुंदर, हे ठेवा." मग श्वास घेण्यासाठी अर्जाचा नमुना काढण्यात आला. अर्ज तीन दिवस आधी द्यायचा. कारण लिहायला दोन ओळी.

एक दिवस चहाच्या वेळी दोघं जण पडद्यामागे आले. ताईंचा चेहरा पांढराफटक.

"काका, तुम्हीही टाका ना काहीतरी. तुमची तर दोनशे तेरा घरं आहेत. एकेक टिंग टाकलंत तरी ओळ दिसेल."

"खुर्ची परत मिळेल," ट्रम्पेटवाला म्हणाला. "हवी तर माझी घ्या. मला ती तशीही सोडवत नाही."

मी म्हणालो, "बाळांनो, ती घरं मी एकतीस वर्षं राखली. त्यांत भाडेकरू ठेवणार नाही."

"मग जलशाला करणार काय?"

"एक-दोन-तीन-चार," मी म्हणालो.

जलशाचा दिवस उजाडला. तुम्हीही होतात की त्या दिवशी. तिसऱ्या रांगेत, आमच्या हिच्या शेजारी. होतात ना? मग पुढचं तुम्हाला सांगायला नकोच, पण सांगतो.

सभागृह भरलेलं. साहेबांनी छडी उचलली. मी पडद्यामागे, स्टुलावर, ताठ. पहिलं घर पडलं आणि पहिल्याच घरात बासष्ट जण असे तुटून पडले की छतावरची कबुतरं गाव सोडून गेली. ती अजून आलेली नाहीत. पूर्वी आम्हाला वाटेत शांततेच्या जागा लागत. तिथे पोचलं की कळायचं, चला, अर्धं झालं. रस्त्यातल्या मैलाच्या दगडांसारख्या. आता एकही दगड नव्हता. त्यात जलशाच्या धास्तीने सगळ्यांचे पाय सुटले. खटाखट खटाखट पानं उलटत गेली. व्हायोलिनं तिसऱ्या पानावर, ट्रम्पेट सातव्यावर, दादा शेवटच्यावर. आणि शेवटच्या पानापुढे काय? सोय! पुन्हा पहिलं पान.

माझ्या मोजणीप्रमाणे दोनशे चौदावं घर आलं. मी ठोका मारला नाही. का मारला नाही, ते विचारू नका. अनुभवी माणूस योग्य वेळेची वाट पाहतो. तिकडे संपवायला कुणी धजेना. जो थांबेल त्याचं घर रिकामं दिसेल, आणि व्यवस्थापक पहिल्या रांगेत तक्ता घेऊन बसलेले. साहेबांची छडी फिरतच राहिली. मध्ये त्यांनी हात बदलला. दुसरी फेरी झाली. तिसरी झाली. चौथ्या फेरीत साहेबांची दाढी वाढलेली मी पडद्याच्या फटीतून स्वतः पाहिली. पाचव्या फेरीत सातव्या रांगेतल्या दोन अनोळखी कुटुंबांची सोयरीक ठरली, आणि सहाव्यात मोडली. ट्रम्पेटवाला निळ्याच्याही पलीकडे गेला होता. त्या रंगाला नाव नाही. ताई वाजवता वाजवता रडत होत्या, अतिशय हळू, ऐकू येणार नाही असं.

तेव्हा मला समजलं की या बासष्ट माणसांचा जीव आता एका माणसाच्या हाती आहे, आणि तो माणूस लपवलेला आहे. कारण आपण कुठे आहोत हे त्या अख्ख्या इमारतीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. दोनशे चौदा गुणिले सात, चौदाशे अठ्ठ्याण्णव. मी हिशेब मांडला: ज्याचा त्याचा वेग धरला तर त्या एका घराला सगळे एकत्र येणार. मग पुन्हा येणार ते थेट पुढच्या वर्षीच्या जलशाला. चौदाशे शहाण्णव-दोन-तीन-चार. मी उठलो. चौदाशे सत्त्याण्णव-दोन-तीन-चार. डावी झांज वर, उजवी झांज वर, दोन्ही हात असे ताणलेले, डोळे मिटलेले, आणि—

घण्ण!

असा ठोका तुम्ही ऐकला नसेल. छताचा गिलावा उडाला. पडदा आपण होऊन बाजूला झाला. बासष्ट वाद्यं एका क्षणात गप्प. आणि मग जी शांतता पसरली, ती, तुम्हाला सांगतो, पंधरा दिवसांची साठलेली शांतता होती. ट्रम्पेटवाल्याने श्वास घेतला तो पहिल्या रांगेतल्या बाईंची शाल ओढून नेईपर्यंत घेतला. ढोलवाला खोकला, पण तो त्याचा स्वतःचा खोकला होता. मग टाळ्या. व्यवस्थापकांनी तक्ता फाडला आणि म्हणाले, "काका, अडलं हो, अडलं!" दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी गेली. माझी ओळ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत परत आली, रिकामीच्या रिकामी, आणि जाडजूड अक्षरांत. आजही भेटेल तो म्हणतो, त्या ठोक्याने आमच्या अंगावर काटा आला होता, दोन्ही हात वर केलेली तुमची मूर्ती डोळ्यांपुढून हलत नाही.

तुमच्याही हलत नाही ना? बघा! मान डोलावलीत. मला माहीत होतं. ज्याला कान आहेत त्याला—

"खोटं! साफ खोटं!"

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात चहाचा ट्रे.

"दोन्ही हात वर म्हणे! अहो, डाव्या झांजेचा पट्टा तुटला म्हणून सकाळी मला शिवायला दिलीत, आणि घाईत न्यायला विसरलात. जलसा संपेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. एका झांजेने काय माशा वारणार होतात? पहिल्या फेरीला गप्प का बसलात, ते सांगा की यांना! सातव्या फेरीला माझा डोळा लागला आणि ती घरंगळली फरशीवर. तो तुमचा घण्ण!" मग ट्रे टेबलावर ठेवून ती तुमच्याकडे वळली. "यांचं एक सोडा, हे जन्मापासून असेच. पण तुम्ही हो? तुम्ही तर माझ्या शेजारी बसला होतात. वाकून झांज उचलून तुम्हीच माझ्या हातात दिलीत, वर विचारलंत, 'वहिनी, पायावर नाही ना पडली?' आणि आता इथे बसून यांच्या ठोक्याला मान डोलावताय?"